जमिनीत पुरले म्हणजे काम संपले नाही



पिकावर कीड पडली तर ती पानावर दिसते. गाय आजारी पडली तर ती वैरण सोडते. भिंतीत पाणी मुरले तर पोपडे निघतात. पण जमिनीत पुरलेले लोखंड कुजू लागले तर ते कसलीच खूण दाखवीत नाही. चर बुजवला, माती चोपली, उद्घाटनाची भाषणे झाली की त्या पाईपचे नाव पुन्हा कोणी घेत नाही. पुढे शेवटच्या आळीत पाणी पोचेनासे होते, रस्त्यात ओल दिसू लागते, आणि कुदळ मारून पाहावे तर चांगला जाड पाईप चाळणीसारखा झालेला असतो. मग आपण म्हणतो, "माल खराब निघाला," नाही तर "आपले नशीब!"

आमच्या मते ही दोन्ही म्हणणी बहुतेक वेळा खरी नसतात. लोखंड कारणावाचून कुजत नाही. ते कोठे कुजेल, कशाने लवकर कुजेल आणि कशाने वाचेल, हे माणसाला दीडशे-दोनशे वर्षांपासून थोडेथोडे कळत आले आहे. म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: लोखंड पुरायचे असेल तर त्याच्या रक्षणाचा खर्च पाईपच्या किमतीबरोबरच धरावा, आणि पुरल्यावर वर्षातून एकदा त्याची चौकशी करण्याचे काम नावानिशी कोणावर तरी सोपवावे. ही दोन कामे झाली नाहीत तर पाईप पुरला गेला, पण योजना पुरी झाली नाही असेच समजावे.

आपण किती लोखंड पुरतो?

मोजून पाहिले तर नवल वाटेल. बोअरचे केसिंग, हातपंपाचे उभे पाईप, विहिरीपासून मळ्यापर्यंतची लाईन, गावच्या टाकीपर्यंत चढणारा मोठा पाईप, व्हॉल्व्ह आणि त्यांचे बोल्ट, कुंपणाचे अँगल, फाटकाचे खांब, पंपाच्या अर्थिंगचा पाईप, काहींच्या गोठ्यामागे गोबरगॅसची लोखंडी टाकी. यांपैकी एकही वस्तू हौसेची नाही. एकीवर पिण्याचे पाणी अवलंबून आहे, दुसरीवर पीक आणि तिसरीवर माणसाचा जीव.

गंज का चढतो?

टॉर्चचा जुना सेल आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे बाहेरचे कवच जस्ताचे असते. सेल वीज देत राहतो तसतसे ते जस्त झिजत जाते आणि शेवटी फुटून आतला लगदा बाहेर येतो. ओल्या जमिनीतील लोखंडाचे असेच होते. पाईपच्या एका जागेतून वीज मातीत शिरते, ओलाव्यातून वाट काढते आणि त्याच पाईपच्या दुसऱ्या जागी परत येते. वीज जेथून बाहेर पडते तेथले लोखंड विरघळते. जेथे ती परत येते ती जागा शाबूत राहते. हा प्रवाह अगदी लहान असतो, पण तो रात्रंदिवस चालू असतो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत जात राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड संपते. आपल्या पाईपचा प्रवाह याच्या शतांशाने किंवा सहस्रांशाने असला तरी पाईप बाद व्हायला पुरेसा आहे, कारण दोन इंची मध्यम प्रतीच्या जी.आय. पाईपची जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपासच असते. सगळा पाईप झिजावा लागत नाही, एक भोक पुरते.

असा सेल जमिनीत कोठे तयार होतो, हे शेतकऱ्याने लक्षात ठेवावे.

पहिली जागा, जेथे माती बदलते. आपल्या भागात खानापूरकडे तांबडी-जांभी जमीन आहे, तर पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी. एकाच शेतातही मुरमातून काळ्या चिकणीत पाईप उतरतो. मुरमात हवा खेळते, चिकणीत ती कोंडते. जेथे हवा कमी आणि ओल जास्त, तेथला भाग खाल्ला जातो. याच कारणाने पाईपची खालची बाजू वरच्या बाजूआधी जाते.

दुसरी जागा, जेथे धातू बदलतो. लोखंडाला पितळी कॉक किंवा तांब्याची तार थेट जोडली की लोखंडाचा बळी जातो.

तिसरी जागा, जुन्याला नवा तुकडा जोडला तेथे. पुष्कळांची तक्रार असते की जुना पाईप टिकला आणि त्यात घातलेला नवा तुकडा आधी गेला. त्यात लबाडी असेलच असे नाही. गंजलेल्या जुन्या पाईपशेजारी स्वच्छ नवा पाईप हा सेलमधल्या जस्तासारखा वागतो.

चौथी जागा, काँक्रीटमधून पाईप मातीत उतरतो तेथे. काँक्रीटमधले लोखंड सुरक्षित असते आणि त्याची झळ लगतच्या मातीतल्या पाईपला लागते.

यांखेरीज गोठ्याचे मूत, संडासचा खड्डा, खतांचे क्षार, भट्टीची राख आणि खाजण जमिनीतले मीठ हे सारे ओलावा अधिक वीजवाही करतात आणि गंजाला हात देतात. साचलेल्या, हवाबंद चिखलात एक प्रकारचे जिवाणूही लोखंड खातात. तेथला पाईप काढला की काळा थर आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

दिल्लीच्या कुतुबमिनारजवळच्या लोहस्तंभाचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो. सुमारे सोळाशे वर्षांचा हा स्तंभ उघड्यावर उभा आहे आणि त्याला म्हणण्यासारखा गंज नाही. पण त्याचा जमिनीतला भाग पाहिला गेला तेव्हा त्यावर गंजाचे थर आणि खड्डे आढळले. १९६१ साली स्तंभ उपसून त्याची डागडुजी करण्यात आली. वरच्या हवेत शतके काढणारे लोखंड मातीत तसे टिकले नाही. मग आपल्या बाजारी पाईपची काय कथा!

उपाय जुना आहे

१८२४ साली इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडून पाहिले. समुद्राच्या पाण्यात ते तुकडे झिजू लागले आणि तांबे वाचले. प्रयोग यशस्वी झाला, पण एक घोटाळा झाला. तांबे विरघळत होते तोवर त्याच्या विषाने शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नव्हते. तांबे वाचले, ते चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. थोड्याच वर्षांत आरमाराने तो उपाय सोडला. तत्त्व मात्र खरे ठरले. उपाय लागू पडल्यावरही त्यावर नजर ठेवावी लागते, हाही धडा त्यातूनच मिळाला.

हेच तत्त्व जमिनीखाली आणले ते रॉबर्ट कुन या अभियंत्याने. १९२८ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी गॅसच्या लांब पाईपलाईनला बाहेरून उलटा प्रवाह देऊन तिचा गंज थोपवला. किती प्रवाह पुरे, याचे मापही त्यांच्याच कामातून आले. मोरचुदाच्या द्रावणातील तांब्याच्या कांडीशी तुलना करता पाईप उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे दाखवीत असेल तर तो सुरक्षित समजतात. हे माप आजही वापरात आहे.

आज हे रक्षण दोन रीतींनी करतात. मोठ्या लाईनला यंत्रातून एकदिश प्रवाह देतात. लहान लाईनला किंवा टाकीला मॅग्नेशियमचा अथवा जस्ताचा ठोकळा काही फूट अंतरावर पुरून तारेने जोडतात. ठोकळा झिजतो, लोखंड वाचते. तंत्रज्ञ त्याला बलिदान देणारा धातू म्हणतात. त्या नावावर प्रवचन करण्याचा मोह आम्ही आज आवरतो, कारण मुद्दा व्यवहाराचा आहे: हा ठोकळा संपतो, आणि संपला की बदलावा लागतो.

नुसता लेप पुरेसा का नाही, असे कोणी विचारील. डांबराचा किंवा टेपचा लेप हवाच, त्याने नव्याण्णव भाग काम होते. पण चरात उतरवताना लेपाला ओरखडा पडला की सगळा मारा त्या एका ओरखड्यावर येतो आणि तेथे भोक लवकर पडते. लेपाची उणीव ठोकळा भरून काढतो, आणि लेप असल्यामुळे ठोकळा पुष्कळ वर्षे पुरतो. दोन्ही मिळून काम होते.

दुर्लक्षाची किंमत

मेक्सिको देशात ग्वाडालाहारा नावाचे मोठे शहर आहे. तेथे पेट्रोलच्या पोलादी पाईपलाईनच्या अगदी जवळून जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाईप नेलेला होता. ओल्या जमिनीत दोन धातूंचा सेल तयार झाला, पेट्रोलच्या पाईपला भोक पडले आणि पेट्रोल गटारात मुरू लागले. लोक काही दिवस वासाची तक्रार करीत होते, पण वस्ती हलवली गेली नाही. २२ एप्रिल १९९२ रोजी सकाळी गटारे फुटली, रस्तेच्या रस्ते उडाले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. आरंभ झाला होता तो दोन पाईपांतल्या अंतराकडे कोणी पाहिले नाही येथून.

अमेरिकेत ३१ जुलै १९७१ नंतर पुरलेल्या गॅसच्या पोलादी लाईनींना लेप आणि हे विद्युत्-रक्षण, दोन्ही कायद्याने घालावे लागतात. आपल्या देशातही तेल आणि गॅस वाहून नेणाऱ्या मोठ्या पाईपलाईनींना हे रक्षण असते. ज्यांच्या शेतातून अशी लाईन गेली आहे त्यांनी बांधावरचे तारांचे खुंट पाहिले असतील. पाईपचे व्होल्ट मोजण्यासाठी ते असतात. ते उपटू नयेत, त्यांची तार तोडू नये.

आमचा प्रश्न येथेच आहे. तेलाच्या पाईपला जी काळजी मिळते ती पिण्याच्या पाण्याच्या पाईपला का मिळू नये? तेल सांडले तर कंपनीचे नुकसान होते म्हणून तेथे माणूस नेमलेला असतो. गावच्या पाण्यात घाण शिरली तर नुकसान लेकराबाळांचे होते, आणि तेथे माणूस नेमलेला नसतो.

आरोग्याचा संबंध

आपल्या बहुतेक गावांत नळाला पाणी चोवीस तास नसते. पाणी चालू असते तेव्हा भोकातून ते बाहेर गळते. पंप बंद झाला, पाईप रिकामा होऊ लागला की तोच पाईप बाहेरचे पाणी आत ओढतो. शेजारी गटार असेल, संडासचा खड्डा असेल तर तेही आत येते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या घागरीत पडते. कावीळ, विषमज्वर, हगवण, पटकी यांचा हा राजमार्ग आहे. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार घातक असतो. शिवाय गंजलेला पाईप पाण्यातले क्लोरीनही खाऊन टाकतो, म्हणजे टाकीत औषध घालूनही ते शेवटच्या घरी पोचत नाही.

हातपंपाचे पाणी तांबूस येते तेव्हा लोक म्हणतात, "जमिनीतच लोह आहे." असेलही. पण एक साधी परीक्षा करावी. सकाळचे पहिले पाणी तांबडे येते आणि पंधरा-वीस मिनिटे उपसल्यावर स्वच्छ होते का? होत असेल तर लोह बहुधा पाईपचे आहे. जांभ्या दगडाच्या प्रदेशात पाणी पुष्कळदा किंचित आम्लधर्मी असते, आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा मुलामा टिकत नाही. अशा ठिकाणी पुन्हा जी.आय. पाईप घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तेथे प्लॅस्टिकचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचेच पाईप मागावेत. तांबड्या पाण्याला कंटाळून बायका पुन्हा ओढ्यावर जाऊ लागल्या तर हातपंप असून नसल्यासारखा.

अर्थिंगचा धोका

याहून जवळचा धोका पंपाच्या खोलीत आहे. आपल्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरण्याची रीत आहे. मिठाने ओल धरून राहते आणि वीज जमिनीत सहज उतरते हे खरे, पण तेच मीठ आणि तोच कोळसा लोखंडी पाईपला झपाट्याने खातात. अर्थिंग तुटली तरी मोटार रोजच्यासारखी चालते, म्हणून कोणाला कळत नाही. ज्या दिवशी मोटारीच्या आतली तार बाद होऊन वीज बाहेरच्या लोखंडात येते, त्या दिवशी ओल्या हाताने स्टार्टर दाबणाऱ्याला ते कळते. म्हणून दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, जाणत्या वायरमनकडून अर्थिंग यंत्राने मोजून घ्यावी. नुसते पाणी ओतून आणि दिवा लावून पाहणे म्हणजे मोजणे नव्हे. जोडीला अर्थ लिकेज ब्रेकर बसवावा.

दोन आक्षेप

काहीजण म्हणतील, "आता प्लॅस्टिकचे पाईप आले, प्रश्न मिटला." पुष्कळ अंशी खरे आहे, आणि जेथे चालेल तेथे प्लॅस्टिकच घालावे असे आम्हीही म्हणतो. जी वस्तू लोखंडाची असण्याची गरजच नाही ती लोखंडाची करू नये. १९८४ साली अफ्प्रो या संस्थेने पुढे आणलेले दीनबंधू गोबरगॅस संयंत्र याच विचाराचे आहे. त्यात लोखंडी टोपीऐवजी विटांचा घुमट आहे, त्यामुळे दर वर्षी रंग देण्याचे कामच उरत नाही. पण प्लॅस्टिकच्या लाईनीतही रस्त्याखालचा तुकडा, नाल्यावरचा तुकडा, व्हॉल्व्ह, क्लँप आणि बोल्ट लोखंडाचेच असतात. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच टिकते.

दुसरा आक्षेप पैशाचा. "गरीब गावाला हे थेर कशाला?" आम्ही उलट म्हणतो. श्रीमंताला पाईप दोनदा घेणे परवडते. गरिबाने एकदाच घ्यावा आणि तो टिकवावा. कमीत कमी बोलीचे टेंडर पास करताना लेपाचा, मऊ मातीच्या भरणाचा आणि तपासणीचा खर्च आधी कापला जातो, कारण तो जमिनीखाली जातो आणि दिसत नाही. ही सवय मोडली पाहिजे.

काय करावे?

१. जी.आय. पाईपवरचा पट्टा पाहून घ्यावा: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. जमिनीत पिवळ्या पट्ट्याचा पाईप घालू नये.

२. आटे पाडताना जस्ताचा मुलामा निघतो. म्हणून सांधा बसवल्यावर त्यावर जस्तयुक्त रंग किंवा डांबर लावून टेप गुंडाळावी.

३. चरात पाईपच्या चहूबाजूंनी चाळलेली मऊ माती किंवा नदीची वाळू भरावी. दगड, राख, कोळशाची खर आणि केरकचरा घालू नये. खाडीची वाळू तर मुळीच नको.

४. लोखंडाला पितळ-तांबे जोडावे लागले तर मध्ये प्लॅस्टिकचा सांधा घालावा. तांब्याची अर्थिंग पाण्याच्या पाईपला बांधू नये.

५. लाईन गोठा, उकिरडा, संडासचा खड्डा यांपासून दूर न्यावी.

६. कुंपणाचा अँगल जमिनीच्या पातळीवर कुजतो. तेथे वीतभर खाली आणि वीतभर वर डांबर लावावे. बुडाशी काँक्रीट केल्यास त्याला बाहेर उतार द्यावा.

७. गावची लांब पोलादी लाईन किंवा पुरलेली डिझेलची टाकी असेल तर मॅग्नेशियम-जस्ताच्या ठोकळ्यांची योजना अभियंत्याकडूनच करवून घ्यावी. हे काम घरगुती नाही. वर्षातून एकदा व्होल्ट मोजून लिहून ठेवावेत.

८. लाईन कोठून गेली, किती खोल, कोणत्या साली, कोणता पाईप, कोठे सांधा, याचा नकाशा ग्रामपंचायतीत असावा. ज्या फिटरला ते माहीत असते तो गाव सोडून गेला की ज्ञानही जाते.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद केली गेली. त्यांच्या पेटीत पीएचची चाचणी असते. आपल्या गावात त्या पाचजणी कोण आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांनी दर हंगामाला हातपंपांचे आणि नळाच्या शेवटच्या टोकाचे पाणी तपासले, त्याची नोंद केली आणि पाणी समितीने ती वाचली, तर जमिनीखालच्या पाईपची निम्मी खबर वर बसूनच कळेल.

म्हणून आमची विनंती अशी. पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारावेत. आपली लाईन कोठून गेली आहे याचा नकाशा आहे काय? तिच्या रक्षणासाठी काय केले आहे? आणि ती वर्षातून एकदा कोण पाहतो, त्याचे नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले नाही तरी तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय उठू नये. नाव लिहून घ्यावे, तारीख घालावी, आणि पुढल्या वर्षी त्याच तारखेला त्या माणसाला पुन्हा विचारावे.